अपुऱ्या हाताचे गणित : छोट्या बोलीच्या पोकरमध्ये पानाची वाट कधी पाहावी?

खास प्रतिनिधी
मुंबई

पत्त्यांच्या खेळात मराठी माणसाला नवे असे फार थोडे आहे. सावंतवाडीच्या गंजिफापासून मेंढीकोट, झब्बू, बदाम सात आणि पाच-तीन-दोनपर्यंत, गणपतीच्या जागरणाला रंगणाऱ्या रमीपासून दिवाळीतल्या तीन पत्तीपर्यंत कितीतरी डाव इथल्या घरांत, चाळींच्या गॅलऱ्यांत आणि लोकलच्या डब्यांत खेळले गेले. पोकर हा त्या मानाने उशिरा आलेला पाहुणा. दूरचित्रवाणी, इंटरनेट आणि गोव्यातील कॅसिनो यांच्यामुळे गेल्या वीस वर्षांत त्याची ओळख वाढली. मात्र ओळख झाली म्हणजे खेळ समजला असे नाही. नवख्या खेळाडूचे सर्वाधिक नुकसान होते ते वाईट पाने आल्यामुळे नव्हे, तर ‘एक पान आले की झाले’ अशा स्थितीत चुकीची किंमत मोजून वाट पाहत बसल्यामुळे. इंग्रजीत ज्याला ‘ड्रॉइंग हॅण्ड’ म्हणतात, त्या अपुऱ्या हाताचे गणित समजावून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

एक गोष्ट प्रारंभीच स्पष्ट करायला हवी. महाराष्ट्रात पैसे लावून पोकर खेळणे कायद्याच्या दृष्टीने धोक्याचे आहे; त्याचा तपशील पुढे दिला आहे. म्हणून या लेखातील सर्व हिशेब रुपयांत नसून चिंचोक्यांत केले आहेत. गणिताला त्याने काहीही फरक पडत नाही.

तीन पत्ती आणि रमी यांच्या मधला खेळ

तीन पत्तीत एकदा तीन पाने वाटली की हात ठरून जातो. पुढे उरते ती फक्त चाल, ब्लाइंड आणि शो यांची चढाओढ. त्या खेळात वाट पाहण्यासारखे पानच नसते. रमीत याच्या नेमके उलट असते. तेथे सारा डावच पान लागण्यावर चालतो. हातात इस्पिकची पंजी-छक्की असेल तर चौकी आली तरी चालते आणि सत्ती आली तरी चालते. पंजी-सत्ती असेल तर मात्र मधली छक्कीच हवी. रमी खेळणारा प्रत्येक जण पहिली जोडी ठेवतो आणि दुसरी सोडायला तयार असतो. पोकरमधील अपुऱ्या हाताचे तत्त्व याहून वेगळे नाही. फरक इतकाच की, रमीत पान ओढण्यासाठी वेगळी किंमत मोजावी लागत नाही. पोकरमध्ये बहुतेक वेळा प्रत्येक पानाचे भाडे द्यावे लागते.

सध्या सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार ‘टेक्सास होल्डेम’ हा आहे. त्यात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मग टेबलावर सर्वांसाठी तीन पाने उघडली जातात, त्यांना ‘फ्लॉप’ म्हणतात. त्यानंतर चौथे पान ‘टर्न’ आणि पाचवे ‘रिव्हर’. एकूण सात पानांतून पाच पानांचा सर्वोत्तम हात लावायचा असतो. प्रत्येक टप्प्यावर बोली होते. बोलीइतकी रक्कम टाकणे म्हणजे ‘कॉल’, ती वाढवणे म्हणजे ‘रेझ’ आणि डाव सोडणे म्हणजे ‘फोल्ड’, अर्थात तीन पत्तीच्या भाषेत ‘पॅक’.

तीन पत्तीतून पोकरकडे वळणाऱ्यांनी एक भेद विसरू नये. तीन पत्तीत सिक्वेन्स हा कलरपेक्षा मोठा. पोकरमध्ये कलर हा सिक्वेन्सपेक्षा मोठा. याचे कारण गणिती आहे. तीन पानांत कलर सुमारे ५ टक्के वेळा येतो आणि सिक्वेन्स सुमारे ३.३ टक्के वेळा. पाच पानांत हे प्रमाण उलटते. कलर सुमारे ०.२ टक्के आणि सिक्वेन्स सुमारे ०.४ टक्के. जे दुर्मीळ, ते मोठे, असा हा साधा नियम आहे.

उपयोगी पाने कशी मोजावीत?

अपुऱ्या हाताच्या विचारातील पहिली पायरी म्हणजे उपयोगी पानांची मोजणी. समजा, आपल्या हातात बदाम एक्का आणि बदाम नव्वी आहे. फ्लॉपवर बदाम राजा, बदाम पंजी आणि किलवर दुर्री उघडली. एका रंगाची तेरा पाने. त्यांपैकी चार आपल्याला दिसत आहेत. उरली नऊ. या नऊपैकी एक आले की आपला कलर पूर्ण होतो आणि एक्का आपल्याकडेच असल्याने त्याहून मोठा कलर कोणाचा होऊ शकत नाही. फ्लॉपपर्यंत आपण पाच पाने पाहिलेली असतात, न पाहिलेली ४७ उरतात. म्हणून पुढच्याच पानावर कलर होण्याची शक्यता ४७ पैकी ९, म्हणजे सुमारे १९ टक्के. पुढची दोन्ही पाने पाहायला मिळाली तर ती सुमारे ३५ टक्के होते.

नेहमी येणाऱ्या स्थिती पुढीलप्रमाणे :

- मधल्या एकाच पानाने पूर्ण होणारा सिक्वेन्स, ४ उपयोगी पाने : पुढच्या पानावर ८.५ टक्के, दोन पानांत १६.५ टक्के.
- टेबलावरील पानांपेक्षा मोठी दोन पाने हाती असून जोडी लागण्याची वाट पाहणे, ६ पाने : १२.८ टक्के आणि २४ टक्के.
- दोन्ही बाजूंनी उघडा सिक्वेन्स, ८ पाने : १७ टक्के आणि ३१.५ टक्के.
- कलरला एक पान कमी, ९ पाने : १९ टक्के आणि ३५ टक्के.
- कलर आणि मधल्या पानाचा सिक्वेन्स एकत्र, १२ पाने : २५.५ टक्के आणि ४५ टक्के.
- कलर आणि दोन्ही बाजूंनी उघडा सिक्वेन्स एकत्र, १५ पाने : ३२ टक्के आणि ५४ टक्के.

शेवटच्या प्रकारात मोजणी करताना एक चूक हमखास होते. हाती बदाम दश्शी-नव्वी आहे. फ्लॉपवर बदाम अठ्ठी, बदाम दुर्री आणि इस्पिक सत्ती आहे. कलरसाठी नऊ पाने आणि सिक्वेन्ससाठी चार गुलाम व चार छक्क्या अशी आठ पाने. बेरीज सतरा होते. पण बदाम गुलाम आणि बदाम छक्की ही दोन पाने दोन्ही यादींत आली. ती एकदाच मोजायची. म्हणून उत्तर पंधरा.

टेबलावर बसून टक्केवारी काढण्यासाठी एक सोपा ठोकताळा प्रचलित आहे. पुढच्या एका पानासाठी उपयोगी पानांची संख्या दुप्पट करावी. दोन पानांसाठी चौपट करावी. नऊ पानांना अनुक्रमे १८ आणि ३६, म्हणजे अचूक आकड्यांच्या अगदी जवळ. पंधरा पानांना मात्र चौपट ६० होते आणि खरा आकडा ५४ आहे. मोठ्या संख्येत ठोकताळा थोडा उदार होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चौपटीचा आकडा वापरण्याचा अधिकार केव्हा मिळतो हे लक्षात ठेवावे. दोन्ही पाने एकाच किमतीत पाहायला मिळणार असतील, उदाहरणार्थ एकाचे सारे चिंचोके आधीच मध्ये गेले असतील, तेव्हाच चौपट करावी. टर्नवर पुन्हा बोली येणार असेल तर फ्लॉपवरचा कॉल हा केवळ एका पानाचे भाडे आहे. ३५ टक्के मनात धरून १९ टक्क्यांच्या मालाची किंमत मोजणे, ही छोट्या टेबलावरची सर्वांत प्रचलित चूक होय.

समुद्रात जायचे की नाही?

उपयोगी पाने मोजली, आता किंमत. येथे कफ परेडच्या मच्छीमार नगरातील हिशेब मदतीला घेता येईल. उंच इमारतींच्या शेजारी वसलेल्या या वस्तीतील नाखवा बोट काढण्यापूर्वी काय करतो? डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा असा खर्च एका बाजूला आणि त्या दिवसांत मिळू शकणारी मासळी व तिचा भाव दुसऱ्या बाजूला मांडतो. प्रवाहाच्या जोरावर चालणाऱ्या डोल जाळ्याला उधाणाच्या भरतीत जी आशा असते, ती भांगाच्या भरतीत नसते. जाळे रिकामे येणारच नाही, अशी खात्री कोणालाच नसते. प्रश्न खात्रीचा नसून, खर्चाच्या मानाने आशा पुरेशी आहे का, एवढाच असतो. पोकरमधील कॉलचा निर्णय नेमका असाच घ्यावा लागतो.

समजा, पॉटमध्ये ६० चिंचोके आहेत आणि प्रतिस्पर्ध्याने ३० ची बोली केली. आता मध्ये ९० आहेत. आपण ३० टाकले तर पॉट १२० होईल. त्यात आपला खर्च ३०, म्हणजे एक चतुर्थांश. अर्थात हा कॉल बरोबरीत सुटण्यासाठी जिंकण्याची शक्यता किमान २५ टक्के हवी. कलरला एक पान कमी असलेल्या हाताची पुढच्या पानावरची शक्यता १९ टक्के आहे. केवळ मध्ये असलेल्या चिंचोक्यांकडे पाहिले तर कॉल तोट्याचा ठरतो.

बोली लहान असेल तर चित्र बदलते. ६० च्या पॉटमध्ये १५ ची बोली आली तर १५ टाकून ९० चा पॉट मिळवायचा असतो. लागणारी शक्यता १६.७ टक्के. येथे १९ टक्के पुरेसे आहेत. पूर्ण ६० ची बोली आली तर ३३ टक्के लागतात आणि डाव सोडणे शहाणपणाचे होते. आता चौथी स्थिती पाहा. ३० ची बोली झाली आणि आपल्याआधी आणखी दोघांनी कॉल केला. मध्ये १५० झाले. ३० टाकून १८० चा पॉट, म्हणजे पुन्हा १६.७ टक्के. बोली तीच, हात तोच. मात्र आणखी दोन जण आल्याने तोट्याचा कॉल फायद्याचा झाला. छोट्या टेबलावर अनेक जण डावात राहतात, आणि म्हणूनच तेथे चांगल्या अपुऱ्या हाताला अधिक किंमत येते.

मधल्या एकाच पानाची वाट पाहणाऱ्याचे काय? हाती दश्शी-नव्वी, टेबलावर राणी, अठ्ठी आणि तिर्री. हवा आहे गुलाम. ४० च्या पॉटमध्ये २० ची बोली आली आणि आपण कॉल केला. ४७ पैकी ४ वेळा ६० चिंचोके मिळतात, ४३ वेळा २० जातात. सरासरी काढली तर अशा प्रत्येक कॉलमागे सुमारे १३ चिंचोके जातात. पुढच्या फेरीत काही परत मिळते हे खरे. पण एवढी तूट भरून निघण्याइतके क्वचितच. एका रात्रीत असे दहा कॉल केले की सव्वाशेहून अधिक चिंचोके कोठे गेले, हे खेळणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. मोठा डाव हरल्याची आठवण राहते. छोट्या गळतीची राहत नाही. प्रत्यक्षात पिशवी रिकामी करते ती गळतीच.

पान लागल्यानंतरची कमाई

वरचा हिशेब मध्ये पडलेल्या चिंचोक्यांपुरता होता. परंतु पान लागल्यावर प्रतिस्पर्धी आणखी बोली देणार असेल तर तीही जमेस धरली पाहिजे. पुन्हा पहिले उदाहरण घेऊ. पॉट ६०, बोली ३०, आपला कलर अपुरा. ४७ पैकी ३८ वेळा आपले ३० जाणार, ९ वेळा पान लागणार. बरोबरीसाठी प्रत्येक यशस्वी वेळी सुमारे १२७ मिळायला हवेत. मध्ये ९० आहेत. म्हणजे पुढील फेऱ्यांत प्रतिस्पर्ध्याकडून सरासरी ३७ आणखी निघतील काय, हा खरा प्रश्न आहे.

छोट्या टेबलावर याचे उत्तर बहुधा होकारार्थी असते. तेथील खेळाडूंना डाव सोडणे जड जाते. एक्क्याची जोडी हाती असेल तर टेबलावर तीन बदाम दिसत असूनही ते कॉल करतात. तथापि त्यासाठी दोन अटी आहेत. प्रतिस्पर्ध्यापुढे चिंचोक्यांचा ढीग शिल्लक हवा. त्याच्याकडे दहाच उरले असतील तर ३७ मिळणार कोठून? आणि आपला हात झाकलेला हवा. टेबलावर तिसरे बदाम आले की साऱ्यांचे डोळे उघडतात. उलट सिक्वेन्स पूर्ण करणारे पान अनेकदा कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणूनच आठ पानांचा सिक्वेन्स कधी कधी नऊ पानांच्या कलरहून अधिक मिळवून देतो.

लागूनही बुडवणारी पाने

प्रत्येक उपयोगी पान खरोखर उपयोगी असतेच असे नाही. हातात छक्की-पंजी आणि टेबलावर अठ्ठी, सत्ती, राजा आहे. चौकी आली तर आपला सिक्वेन्स सर्वांत मोठा. नव्वी आली तरी सिक्वेन्स पूर्ण होतो. पण ज्याच्या हाती गुलाम-दश्शी किंवा दश्शी-छक्की असेल त्याचा त्याहून मोठा होतो. अशा वेळी आठ पाने मोजून खेळणारा चार पानांच्या बळावर आठ पानांची किंमत मोजत असतो.

कलरचेही तसेच. इस्पिक सत्ती-छक्कीवर कलर लागला आणि टेबलावर पाच जण असले, तर त्यांपैकी कोणाकडे मोठी इस्पिके असण्याचा धोका वाढतो. टेबलावर जोडी पडली असेल, समजा दोन राजे आणि एक पंजी, तर कलर लागूनही एखाद्याचे फुल हाउस तयार झालेले असू शकते. अशा परिस्थितीत दोन-तीन पाने वजा करूनच हिशेब करावा. न लागलेला कलर थोडे चिंचोके घेऊन जातो. लागलेला पण दुय्यम कलर सगळे घेऊन जातो. अनेक जण डावात असताना सर्वांत मोठ्या हाताचीच वाट पाहावी, हा छोट्या टेबलाचा पहिला नियम म्हणावा लागेल.

थाप मारण्याची जागा नव्हे

अपुरा हात नुसता कॉल करूनच खेळावा असे नाही. आपण होऊन बोली करण्याचाही मार्ग असतो. सगळे पॅक झाले तर तिथेच जिंकलो. नाही झाले तरी पान लागण्याची आशा शिल्लक. या दुहेरी डावपेचाला अमेरिकी लेखक डेव्हिड स्क्लान्स्की यांनी ‘सेमी-ब्लफ’ हे नाव रूढ केले. मोठ्या बोलीच्या खेळात त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. छोट्या टेबलावर मात्र तो जपून वापरावा लागतो. ६० च्या पॉटमध्ये ३० ची थाप निव्वळ थाप म्हणून फायद्याची ठरण्यासाठी तीनपैकी एकदा तरी सर्वांनी डाव सोडला पाहिजे. समोर एकच जण असेल आणि तो निम्म्या वेळा सोडत असेल तर ठीक. समोर तिघे असतील आणि प्रत्येक जण निम्म्या वेळा सोडत असेल, तर तिघेही एकाच वेळी सोडण्याची शक्यता आठात एक उरते. मग पान लागण्याच्या आशेवरच सारा भार पडतो. ज्याला पॅक होणे माहीतच नाही त्याला थाप मारू नये. त्याच्याकडून पान लागल्यावर वसुली करावी.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. आपल्याकडे तयार हात असेल आणि समोरचे अपुऱ्या हातावर वाट पाहत असतील, तर पान स्वस्तात देऊ नये. ६० च्या पॉटमध्ये १० ची बोली म्हणजे कलरवाल्याला निमंत्रण. ४० ते ६० ची बोली म्हणजे त्याने १९ टक्क्यांसाठी अवाच्या सवा किंमत मोजणे. तो कॉल करीलही. करू द्यावे. प्रसंगी त्याला पान लागेल. दीर्घकाळात नफा आपला असतो.

बोलण्याच्या क्रमालाही महत्त्व आहे. शेवटी बोलणाऱ्याला आधीच्यांच्या बोली दिसतात. किती जण डावात आहेत हे कळते. कोणीच बोली केली नाही तर पुढचे पान फुकट पाहता येते. आधी बोलणाऱ्याने कॉल केला आणि मागून कोणी रेझ केली तर त्याचा सारा हिशेब कोसळतो. म्हणून तोच अपुरा हात शेवटच्या जागेवरून खेळण्याजोगा आणि पहिल्या जागेवरून सोडण्याजोगा असू शकतो.

सुरुवातीच्या दोन पानांची निवडही याच कसोटीवर करावी. ‘दोन्ही पाने एकाच रंगाची आहेत’ एवढ्यावर डावात शिरणारे पुष्कळ. एकाच रंगाच्या दोन पानांवर फ्लॉपलाच कलर होण्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी, आणि कलरला एक पान कमी अशी स्थिती येण्याचे सुमारे ११ टक्के. म्हणजे नऊपैकी आठ वेळा काहीच हाती लागत नाही. बदाम एक्का-नव्वी स्वस्तात मिळाली तर पाहावी. बदाम नव्वी-तिर्री सोडून द्यावी. हातात लहान जोडी असेल तर फ्लॉपवर तिसरे पान लागण्याची शक्यता सुमारे १२ टक्के. तेथेही प्रवेश स्वस्त आणि समोरचा ढीग मोठा असला तरच वाट पाहण्यात अर्थ.

कायदा काय सांगतो?

ब्रिटिश काळातील १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आज महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा या नावाने लागू आहे. केवळ कौशल्याच्या खेळांना त्यातून वगळले आहे. कौशल्य कशाला म्हणावे, यावरच न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद झाले. १९६८ मध्ये आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. कारण त्यात पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि कोणते ठेवायचे, कोणते टाकायचे हे ठरवावे लागते. त्याच निकालात तीन पानांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा गणला गेला. पोकर यांपैकी कोणत्या बाजूला, यावर उच्च न्यायालयांत एकवाक्यता नाही. कर्नाटक (२०१३), कोलकाता (२०१९) आणि अलाहाबाद (२०२४) येथील आदेश पोकरला अनुकूल ठरले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार ठरविले.

महाराष्ट्रात १९७६ मध्ये कॅसिनोंसंबंधीचा कायदा संमत झाला होता. तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्यात आला. त्यामुळे राज्यात अधिकृत कॅसिनो नाही. ज्या जागेचा मालक वा चालक खेळातून स्वतःचा फायदा काढतो, ती जागा जुगाराचा अड्डा ठरू शकते. म्हणून प्रत्येक पॉटमधून ‘कट’ घेणाऱ्या खासगी टेबलांपासून दूर राहणेच बरे. गणितही त्याच बाजूचे आहे. १२० च्या पॉटमधून समजा पाच टक्के कापले गेले, तर ३० च्या कॉलला लागणारी शक्यता २५ वरून २६ टक्क्यांच्या वर जाते. छोट्या टेबलावर मुळातच नफ्याचा पदर अरुंद असतो. हा कट तो फाडून टाकतो.

गोव्यात १९७६ च्या कायद्यात १९९२ आणि १९९६ मध्ये झालेल्या दुरुस्त्यांमुळे पंचतारांकित हॉटेलांत आणि जहाजांवर परवानाधारक कॅसिनो चालतात. तेथे जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, पत्त्यांच्या खेळातील जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर व अधिभार लागतो आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. मोबाईलवरील पैशांच्या पोकरबद्दल तर संदिग्धता उरलेली नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली. त्यानंतर देशातील प्रमुख पोकर संकेतस्थळांनी पैशांचे खेळ बंद केले. तरीही परदेशातून चालणाऱ्या एखाद्या ॲपची जाहिरात दिसली, तर त्यातील पैसे परत मिळतील याची हमी कोणीही देऊ शकत नाही.

पानांना स्मरण नसते

बरोबर निर्णय घेऊनही हार येते, हे या खेळातील सर्वांत कठीण सत्य. ३५ टक्के म्हणजे तीनपैकी सुमारे दोन वेळा पान लागतच नाही. एकापाठोपाठ पाच वेळा न लागण्याची शक्यताही सुमारे १२ टक्के आहे. म्हणजे ती घटना काही जगावेगळी नव्हे. अशा वेळी ‘आता तरी लागेलच’ असे मन सांगू लागते. ते खोटे असते. पत्ते प्रत्येक डावाला नव्याने पिसले जातात. आधीच्या पाच डावांत काय झाले हे सहाव्या डावातील पानांना ठाऊक नसते. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी जुगाराच्या डावावरून पत्रव्यवहार केला आणि त्यातून संभाव्यताशास्त्राची पायाभरणी झाली. त्या शास्त्राचा सामान्य माणसाला झालेला मोठा लाभ जिंकण्याची युक्ती हा नसून, कोणत्या आशेची किंमत किती, हे आधी सांगता येणे हा आहे.

तेव्हा पान मागण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःला विचारावेत. उपयोगी पाने खरोखर किती? एका पानासाठी किती मोजावे लागत आहे? पान लागल्यावर समोरून आणखी काही निघेल काय? आणि लागलेला हात सर्वांत मोठा असेल काय? चारांची उत्तरे जुळत नसतील तर पाने खाली ठेवावीत. घरातल्या घरात, चिंचोक्यांवर किंवा शेंगदाण्यांवर हा सराव उत्तम होतो आणि मुलांना टक्केवारी शिकवण्याचे कामही त्यातून साधते. मात्र हरलेले परत मिळवण्यासाठी उधारी होऊ लागली, घरात लपवाछपवी सुरू झाली, तर तो खेळ राहिलेला नसतो. अशा वेळी केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मोफत मानसिक आरोग्य सेवेशी १४४१६ या क्रमांकावर संपर्क साधता येतो.